मिरजेत परफ्युजन एमआरआय सुरू करताना: सुईपासून आकड्यापर्यंत

मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या झाल्या, आणि दोन महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये ऑपरेशनच्या जागी पुन्हा पांढरं दिसतंय. गाठ वाढली की उपचाराने दुखावलेला भाग चमकतोय? रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत हा प्रश्न हमखास उभा राहतो. साधा कॉन्ट्रास्ट एमआरआय त्याचं उत्तर देऊ शकत नाही. कॉन्ट्रास्ट (चित्रात उठून दिसावं म्हणून शिरेतून दिलेलं औषध) रक्तवाहिनीतून बाहेर झिरपलं एवढंच तो दाखवतो, का झिरपलं ते नाही. मग जत, आटपाडी, अथणी, सांगोला इथून मिरजेला आलेल्या पेशंटला 'परफ्युजन करून आणा' (गाठीत रक्त किती भरतं आणि वाहिन्यांतून किती झिरपतं ते मोजणारी एमआरआय तपासणी) म्हणून पुण्याची वाट दाखवली जाते. गाडीचं भाडं, एक मुक्काम आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी मिळून खर्च तपासणीच्या फीपेक्षा जास्त होतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या सेंटरवर हे सुरू करायचं ठरलं आणि गणपतीच्या सुमारास भरवसा ठेवता येईल असे अहवाल निघायला लागले. मधल्या काळात काय काय लागलं, कुठे अडलं आणि का, ते क्रमाने लिहितोय. छोट्या गावात दीड टेस्ला चुंबकाच्या मशीनवर हे करू पाहणाऱ्या टेक्निशियन आणि रेसिडेंट मंडळींना उपयोग होईल. नातेवाइकांसाठीही काही गोष्टी मध्ये मध्ये आहेत.

आधी पद्धत ठरवावी लागते, डीएससी की डीसीई. कॉन्ट्रास्टचं औषध, म्हणजे गॅडोलिनियम, दोन्हींत तेच, बघायचं वेगळं. डीएससीमध्ये कॉन्ट्रास्टचा पहिला लोट मेंदूतून जाताना सिग्नल क्षणभर पडतो. आलेखात खड्डा दिसतो आणि त्या खड्ड्याच्या क्षेत्रफळावरून गाठीत रक्त किती भरलंय, म्हणजे सीबीव्ही, ते काढतात. सगळा खेळ पंधरा-वीस सेकंदांचा. डीसीईमध्ये टी-वन चित्रांची (यांत कॉन्ट्रास्ट पोचलेला भाग उजळ दिसतो) मालिका पाच-सहा मिनिटं काढत राहायची आणि कॉन्ट्रास्ट वाहिनीतून पेशींच्या मधल्या जागेत किती वेगाने उतरतं, किती वेगाने परततं ते पाहायचं. त्यातून केट्रान्स (उतरण्याचा वेग), व्हीई (पेशींच्या मधल्या त्या जागेचा वाटा) आणि केईपी (परतण्याचा वेग) हे तीन आकडे मिळतात. मेंदूला मुख्यतः डीएससी. गर्भाशयमुख, प्रोस्टेट, स्तन यांना डीसीई. डीएससीचं चित्र हवेच्या आणि जुन्या रक्तस्रावाच्या शेजारी विरून जातं, त्यामुळे ओटीपोटात त्याच्या नादी लागू नये. गॅडोलिनियमशिवाय चालणारं एएसएलही आहे, पण दीड टेस्लावर त्याचा सिग्नल फार तोकडा पडतो.

कागदपत्रांची धास्ती बहुतेकांना एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) असते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, म्हणून तो परवाना लागत नाही. नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासणीला एथिक्स कमिटीचीही गरज नाही. मात्र पुढे हाच डेटा गोळा करून पेपर लिहायचा विचार असेल तर कमिटीची मंजुरी आधी घ्यायची. तपासण्या होऊन गेल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये छापून घ्या. मिरजेच्या कुठल्याही वेटिंग हॉलमध्ये अर्धी बाकं कन्नड बोलणाऱ्यांची असतात, आणि मराठी कागदावर अंगठा घेण्याला संमती म्हणता येत नाही.

खरा वेळ गेला तो कोटेशनमध्ये. परफ्युजनचं सॉफ्टवेअर मशीनबरोबर आपोआप येत नाही. ते वेगळं विकत घ्यावं लागतं आणि त्याची चावी (लायसन्स-की) मशीनच्या सीरियल नंबरला बांधलेली असते. स्कॅन करायचा भाग एक आणि हिशेब करायचा भाग दुसरा, हे दोन्ही कोटेशनमध्ये वेगवेगळे दिसतात का ते आधी बघा. पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्नांची लेखी उत्तरं मागावीत. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) हाताने बदलता येतो का? धमनीचा वक्र (धमनीत औषध चढण्या-उतरण्याचा आलेख) स्वतः निवडता येतो का? पेशंटचा मोजलेला टी-वन (सिग्नल सावरायला लागणारा वेळ) वापरला जातो की ठरावीक आकडा धरला जातो? आणि तयार नकाशे डायकॉममध्ये (स्कॅनच्या चित्रांचा ठरलेला फाइल-प्रकार) बाहेर पाठवता येतात का? विक्रेता 'सगळं आहे सर' म्हणतो, तेव्हा मॅन्युअलमधलं पान मागायचं. आधी महिनाभराची चाचणी-चावी घ्या. ती सुरू होण्यापूर्वी इंजेक्टर बसलेला असला पाहिजे, नाहीतर चावीचे दिवस भिंतीकडे बघत संपतात.

इंजेक्टरशिवाय डीएससीचा विचारच करू नये. हाताने दहा मिली औषध अडीच सेकंदांत सारख्या वेगाने ढकलणं कुणालाच जमत नाही, आणि पुढच्या वेळी ढकलणारा हात दुसराच असतो. इंजेक्टर दोन सिरिंजचा हवा, एकीत कॉन्ट्रास्ट, दुसरीत सलाइन, आणि एमआरआयच्या खोलीसाठी बनवलेला. सीटी स्कॅनचा इंजेक्टर आत नेणं म्हणजे जीवाशी खेळ. किंमत लाखांत जाते, त्यावर प्रत्येक पेशंटमागे सिरिंज-नळीचा किट. बसवताना एक लक्षात ठेवा. खोलीच्या तांब्याच्या जाळीला नवं भोक पाडू द्यायचं नाही. केबल आधीच्या पॅनलमधून किंवा वेव्हगाइडमधून (रेडिओ लहरी अडवणाऱ्या धातूच्या नळीतून) न्यायची, नाहीतर बाहेरचा रेडिओ गोंगाट आत शिरतो आणि प्रत्येक चित्रावर रेघा उमटतात. मग खापर मशीनवर फुटतं.

पेशंट घेण्याआधी पाण्यावर सराव केला. इंजेक्टरची नळी बादलीत सोडून सलाइन मारायचं आणि नळीत किती मावतं ते मोजायचं. हे फालतू वाटतं, पण बरीच गडबड इथेच कळते. लांब नळीत ५ मिलीच्या आसपास मावतं. गॅडोब्युट्रॉल १ मोलरचं असतं, डोस किलोला ०.१ मिली. गॅडोटेरेट ०.५ मोलरचं, डोस किलोला ०.२ मिली. म्हणजे ५० किलोच्या बाईला पहिलं ५ मिली, दुसरं १० मिली. ५ मिली असेल तर इंजेक्टरच्या पडद्यावर 'कॉन्ट्रास्ट संपलं' असं येतं तेव्हा सगळं औषध अजून नळीतच असतं. ते शिरेत जातं सलाइनच्या धक्क्याने. म्हणून सलाइनचा वेग कॉन्ट्रास्टइतकाच ठेवायचा आणि किमान २० मिली मारायचं. कंपाउंडर सवयीने सलाइन हळू सोडतो, तिथे बोलसचा, म्हणजे औषधाच्या लोटाचा, आकार बिघडतो. औषध मध्येच बदलायचं नाही हेही यातूनच आलं. ४ मिली प्रति सेकंदाने एक सव्वा सेकंदात संपतं, दुसरं अडीच सेकंदांत. लोटाचा आकारच वेगळा झाल्यावर मागच्या स्कॅनशी तुलना कशाची करणार? स्टॉकमध्ये जे आहे ते वापरा, ही पद्धत परफ्युजनला चालत नाही.

दुसरा सराव बाटल्यांचा. टी-वन मोजणी बरोबर येते का हे पेशंटवर कळत नाही, कारण खरं उत्तर कुणालाच माहीत नसतं. ५०० मिली सलाइनच्या बाटलीत १ मिली गॅडोटेरेट सोडलं की लिटरला जवळजवळ नेमकं १ मिलिमोल होतं. त्याचं निम्मं, पाव असे पातळ करत चार-पाच नळ्या भरा, एक नुसत्या सलाइनची ठेवा, बुडबुडे जाईपर्यंत टिचक्या मारा आणि हेड कॉइलमध्ये उभ्या करा. वेगवेगळ्या फ्लिप अँगलवर (रेडिओ-धक्का सिग्नलला किती अंश कलवतो तो कोन) स्कॅन करून टी-वन काढायचा, त्याचा व्यस्तांक कॉन्सन्ट्रेशनसमोर मांडायचा. सरळ रेष आली आणि उतार ३ ते ४ च्या दरम्यान असला तर ठीक. रेष वाकडी आली तर पहिला संशय गेनवर (आलेला सिग्नल किती मोठा करायचा ती सेटिंग) घ्यावा. बहुतेक मशीन प्रत्येक सीरिजच्या आधी आपली आपण ट्यूनिंग करतात आणि रिसीव्हर गेन बदलतात. २, ५, १०, १५ अंशांच्या सीरिज आणि पुढची डायनॅमिक सीरिज या सगळ्यांचा गेन आणि स्केल एकच असला पाहिजे. प्रीस्कॅनची, म्हणजे त्या ट्यूनिंगची, नक्कल पहिल्या सीरिजवरून पुढे न्यायचा पर्याय मेनूत कुठेतरी खोल असतो. इंजिनिअरला समोर बसवून तो शोधून घ्या, कारण मॅन्युअलमध्ये त्याचं नाव काहीतरी भलतंच असतं.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची परीक्षाही वेगळी घेता येते. स्कॅनमधल्या आकड्यांचे मापदंड ठरवणाऱ्या क्यूआयबीए या गटासाठी तयार केलेला कृत्रिम डेटा मिळतो. त्यात प्रत्येक चौकोनाचा केट्रान्स आणि व्हीई आधीच ठरलेला असतो. तो आपल्या सॉफ्टवेअरमधून काढायचा आणि उत्तर जुळतं का बघायचं. थ्रीडी स्लायसर हे फुकट सॉफ्टवेअर आणि त्यातला पीके-मॉडेलिंगचा भाग ताडून पाहायला उपयोगी पडतो. पेशंटचा अहवाल मात्र मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरवरच काढायचा.

एप्रिल-मेमध्ये चिलरची कटकट झाली. दुपारी उन्हात तो ट्रिप होतो आणि डीएससीसारख्या ग्रेडियंट तापवणाऱ्या सीक्वेन्सने त्यात भर पडते. परफ्युजनच्या केस सकाळी घ्यायला सुरुवात केल्यावर हा त्रास मिटला.

आता पेशंटचा दिवस. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन विथ कॉन्ट्रास्ट' असेल तर फोन करून 'परफ्युजनसह' लिहून घ्यायचं. कशासाठी हवंय, ऑपरेशन कधी झालं, रेडिएशन कधी संपलं, डेक्सामेथासोन चालू आहे का, बेव्हासिझुमॅब दिलंय का, हे फॉर्मवर नसेल तर तपासणी आंधळी होते. ही दोन्ही औषधं वाहिन्यांची गळती कमी करतात. केट्रान्स झपाट्याने उतरतो आणि गाठ आहे तिथेच असते.

क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट घ्यायचा. गॅडोब्युट्रॉल-गॅडोटेरेटसारख्या मॅक्रोसायक्लिक औषधांचा किडनीवाल्यांना असलेला धोका फार कमी आहे, तरी ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. वजन काट्यावर घ्यायचं. केमोत माणूस महिन्याभरात पाच-सात किलो उतरतो आणि नातेवाईक मागच्या वर्षीचं सांगतात. उपाशी राहायची सक्ती नाही. अथणीहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुपारपर्यंत उपाशी ठेवलं तर शीर मिळायचीसुद्धा मारामार. हलकं खाऊन, पाणी पिऊन या, असं फोनवरच सांगतो.

धातूची तपासणी इथली वेगळी आहे. मंगळसूत्र, पैंजण, केसातल्या पिना सगळे काढतात. विसरतात ती कमरेच्या करदोट्यातली चावी आणि दंडातला ताईत. गोंदण असेल तर जागा लिहून ठेवा आणि गरम लागलं तर बेल दाबायला सांगा. कुपवाड एमआयडीसीत लेथवर, ग्राइंडरवर किंवा वेल्डिंगला काम केलेल्या माणसाला डोळ्यात कधी कण गेला होता का, हे विचारल्याशिवाय आत सोडायचं नाही. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे. 'काय होतंय, वीस वर्षांपूर्वीची गोष्ट' असं उत्तर आलं तर एक्स-रे नक्की.

सुई हा सगळ्यात नाजूक भाग. गुलाबी, २० नंबरची, उजव्या कोपराच्या शिरेत. डावीकडून दिलं तर छातीतली शीर दबून औषध रेंगाळायची शक्यता असते. १८ ची हिरवी मिळाली तर उत्तम. २२ च्या निळ्यावर २ मिली प्रति सेकंदाने डीसीई निभावतं, डीएससी आम्ही घेत नाही. वॉर्डातून मनगटावर पिवळी २४ लावून पाठवतात आणि 'लाइन आहे की' म्हणतात. ती परफ्युजनच्या कामाची नाही. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात वापरायचा नाही. केमो पोर्टवर प्रेशर इंजेक्शनची मान्यता छापलेली नसेल तर इंजेक्टर जोडायचा नाही, मग कुणी कितीही आग्रह करो. सुई लागल्यावर १० मिली सलाइन त्याच वेगाने, हात सरळ ठेवून, आम्ही शिरेवर बोट ठेवून मारतो. फुगलं तर इथेच कळतं, कॉन्ट्रास्ट वाया जात नाही. केमोने शिरा जळालेल्या असतात. दोनदा टोचून नाही मिळाली तर भूलतज्ज्ञांना बोलवा, पेशंटच्या हाताची चाळण करू नका. गरम पाण्याच्या पिशवीने दहा मिनिटं शेक दिला तर पुष्कळदा काम होतं.

पेशंटशी बोलणं स्कॅनच्या आधी नाही, औषध सोडायच्या नेमकं आधी करायचं. गार औषध शिरेत शिरलं की माणूस दचकतो, हात आखडतो, मान हलते आणि नेमका पहिला लोट हातचा जातो. म्हणून डायनॅमिक सुरू व्हायच्या आत माइकवर: "आजी, आता हात गार लागंल, औषध जातंय. भ्यायचं नाही. थुंकी गिळायची असंल तर आत्ताच गिळा, मग दगडासारखं पडून राहायचं." कन्नड बोलणाऱ्यांना 'अळ्ळाडब्याड्री' (हलू नका) एवढा एक शब्द टेक्निशियनला यायलाच हवा. कोपर वाकू नये म्हणून हाताखाली उशी आणि एक सैल पट्टा. वाकलेल्या कोपराने प्रेशर चढतं आणि इंजेक्टर मध्येच थांबतो.

मेंदूचा आमचा क्रम असा. नेहमीच्या सीरिज आणि एसडब्ल्यूआय आधी. एसडब्ल्यूआयमध्ये रक्ताचे काळे डाग गाठीवरच असतील तर डीएससीचा तिथला आकडा वाचायचाच नाही, हे आधी कळतं. मग टी-वन मोजणी, मग डीसीई. एक फ्रेम ५ सेकंदांची, एकूण ७० फ्रेम. पहिल्या आठ कोऱ्या जाऊ द्यायच्या आणि मग औषध. बेसलाइन नीट नसेल तर पुढचं सगळं गणित हवेत. औषधानंतर पाच मिनिटं तरी मोजणी चालली पाहिजे, नाहीतर व्हीई आणि केईपी भरवशाचे येत नाहीत. हा पहिला डोस डीएससीसाठी आधीचा भराव म्हणूनही कामी येतो. गळक्या गाठीत औषध बाहेर झिरपून टी-वनमुळे सिग्नल चढतो, डीएससीचा खड्डा त्याने भरून निघतो आणि सीबीव्ही खोटा कमी दिसतो. आधीच भराव टाकला की हा परिणाम बराच कमी होतो. उरलेल्याला सॉफ्टवेअरमधलं गळती-दुरुस्तीचं बटण आहे, ते चालू आहे ना हे दर वेळी पाहायचं. मग पाचेक मिनिटांनी दुसरा डोस आणि डीएससी. टीआर १.५ सेकंद, दीड टेस्लाला टीई ४० ते ४५ मिलिसेकंद, फ्लिप अँगल ६०, १२० फ्रेम म्हणजे तीन मिनिटं. औषध साधारण चाळिसाव्या फ्रेमला, ४ मिली प्रति सेकंदाने. दोन डोस नको असतील तर भरावाशिवाय ३० अंशांच्या फ्लिप अँगलवर एकाच डोसात डीएससी करण्याचा मार्गही २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींत आहे. तो प्रामुख्याने ३ टेस्लाचा विचार करून सांगितलेला आहे.

गर्भाशयमुखाला डीसीई करताना आतड्याची हालचाल आडवी येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हायोसिन २० मिलिग्रॅम दिलं तर चित्र शांत होतं, मात्र काचबिंदू आणि हृदयाचा त्रास विचारून. स्तनाला पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात तारीख द्यायची, नाहीतर निरोगी भागही उगाच चमकतो. प्रोस्टेटमध्ये पीआय-रॅड्स २.१ (प्रोस्टेटचा एमआरआय वाचायची ठरलेली पद्धत) ला केट्रान्स लागतच नाही. १५ सेकंदांच्या आतली फ्रेम आणि लवकर चमकतं का एवढं डोळ्याने पाहिलं की पुरे. तिथे नकाशे रंगवत बसण्यात वेळ घालवू नये.

रिअॅक्शन क्वचित येते, पण तयारी रोजची. पेशंटला आधी मॅग्नेटच्या खोलीबाहेर काढायचं, मग उपचार. घाबरून ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर आत नेला तर दुसरा अपघात होतो. मोठ्या माणसाला अॅड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, हे ट्रेवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय. औषधानंतर अर्धा तास पेशंटला बसवून ठेवतो, सुई तेव्हाच काढतो.

स्कॅन झाला म्हणजे अर्धं काम झालं. कॉम्प्युटरवर पहिली गोष्ट: वक्र. रंगीत नकाशा नंतर. धमनीतला वक्र टोकदार, झटकन चढणारा आणि पटकन उतरणारा हवा. बसका किंवा दोन उंचवट्यांचा असेल तर सुई, कोपर किंवा सलाइन यांपैकी काहीतरी चुकलंय, आणि मग कितीही सुंदर नकाशा आला तरी टाकून द्यायचा. धमनी बारीक असेल तर शेजारचा भाग मिसळून वक्र ठेंगणा होतो आणि केट्रान्स खोटा मोठा दिसतो. मेंदूत म्हणून वरच्या सॅजिटल सायनसमधून वक्र घ्यायची पद्धत आहे. पॅक्समधून (चित्रं साठवणाऱ्या सर्व्हरवरून) पुन्हा पाठवलेल्या सीरिजमध्ये फ्रेमच्या वेळा कधीकधी पुसल्या जातात आणि सॉफ्टवेअर आपला अंदाज धरतं. ५ सेकंदांची फ्रेम आहे ना, हे हाताने ताडून घ्या.

मग हिमॅटोक्रिट. हे एवढं तपशिलाने लिहायचं कारण आपल्याकडच्या बायका. सॉफ्टवेअरमध्ये ०.४५ भरलेला असतो. गर्भाशयमुखातून रक्तस्राव होणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन ९ आणि हिमॅटोक्रिट ०.२७ असणं इथे रोजचं आहे. गणितात रक्तातलं कॉन्सन्ट्रेशन भागिले १ वजा हिमॅटोक्रिट असं करून प्लाझ्मातलं काढतात. ०.५५ ने भागायचं की ०.७३ ने, यात केट्रान्स जवळजवळ २५ टक्के कमी दिसतो. पुढे रक्त चढवलं, हिमॅटोक्रिट वाढला आणि दुसरा स्कॅन त्याच ०.४५ वर काढला, तर गाठीत काहीही न बदलता केट्रान्स वाढलेला दिसेल. सीबीसीचा कागद फाइलला लावा आणि आकडा टंकवा, मिनिटभराचं काम आहे.

आकड्यांची झडती घ्यायच्या दोन-तीन सोप्या जागा आहेत. मेंदूच्या निरोगी पांढऱ्या भागात (व्हाइट मॅटरमध्ये) केट्रान्स शून्याजवळ हवा, कारण तिथे झिरपत नाही. ओटीपोटाच्या स्कॅनमध्ये नितंबाच्या स्नायूत व्हीई ०.१ च्या आसपास येतो. व्हीई १ च्या वर कुठेही जाऊ शकत नाही. गेला असेल तर तो आकडा नाही, गणिताचा घोटाळा आहे. गाठीच्या मधल्या मेलेल्या भागात हे हमखास होतं, म्हणून मोजणीची चौकट काठावरच्या जिवंत भागात काढायची आणि मोठी रक्तवाहिनी आत येऊ द्यायची नाही. एक वाहिनी आत आली की सीबीव्ही दुप्पट.

आता ज्यासाठी हे सगळं, त्या 'रक्तप्रवाह' शब्दाबद्दल. केट्रान्स म्हणजे रक्तप्रवाह, असं सर्रास समजलं जातं. तसं नाही. वाहिनी खूप गळकी असेल तर आत येणारं रक्तच कमी पडतं आणि केट्रान्स प्रवाह दाखवतो. वाहिनी कमी गळकी असेल तर रक्त भरपूर असूनही केट्रान्स गळतीच दाखवतो. बहुतेक गाठी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतात. केट्रान्स काढायचं टॉफ्ट्सचं १९९१ चं मॉडेल साधं आणि टिकाऊ आहे, पण या दोघांना वेगळं करणं त्याला जमत नाही. त्यासाठी एक-दोन सेकंदांच्या फ्रेम आणि जास्त गुंतागुंतीचं मॉडेल लागतं, आणि तेवढ्या वेगात दीड टेस्लावर चित्राचा दर्जा टिकत नाही. म्हणून आमच्या अहवालात 'रक्तप्रवाह वाढला' असं वाक्य नसतं. केट्रान्स किती, सीबीव्ही समोरच्या निरोगी पांढऱ्या भागाच्या किती पट, आणि मागच्या वेळी किती, एवढंच.

१.७५ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. तो २००३ च्या अभ्यासातला, उपचार न झालेल्या ग्लायोमाचा दर्जा ओळखण्यासाठीचा. रेडिएशननंतर गाठ की सूज हे ठरवायला तो जसाच्या तसा लावणं बरोबर नाही. शिवाय ऑलिगोडेंड्रोग्लायोमा कमी दर्जाचा असूनही सीबीव्ही चढा दाखवतो. फरकाचंही तसंच. तोच पेशंट, तेच मशीन, तरी दोन स्कॅनमध्ये केट्रान्स २० टक्क्यांच्या घरात इकडे-तिकडे होतो. एका पेशंटमध्ये साधारण ४० टक्क्यांपेक्षा जास्त बदल दिसला तरच तो खरा बदल मानावा, असं क्यूआयबीएच्या सुरुवातीच्या मार्गदर्शनात म्हटलं होतं. १५ टक्के कमी झालं म्हणून नातेवाइकांना पेढे वाटायला लावू नये, आणि १५ टक्के वाढलं म्हणून रडवूही नये. काउंटरवर रिपोर्ट हातात पडताच लोक आकड्याला बोट लावून विचारतात, "साहेब, हे चांगलं का वाईट?" त्यावर आम्ही ठरवून एकच सांगतो, हा आकडा एकट्याने वाचायचा नसतो, ऑन्कॉलॉजिस्टना मागच्या फाइलसकट दाखवा. हे सांगताना जीवावर येतं. समोरचा माणूस उत्तरासाठी आलेला असतो.

खर्चाचं. नेहमीच्या कॉन्ट्रास्ट एमआरआयच्या दरावर दुसऱ्या डोसची बाटली आणि इंजेक्टर किट यांचा जास्तीचा बोजा पडतो. आमच्याकडे हा फरक अडीच-तीन हजारांच्या आसपास ठेवला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार चालू असेल तर ही तपासणी पॅकेजमध्ये बसते का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारायचं, बिल झाल्यावर नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतो, कारण हिशेबाला माणूस बसवावा लागतो. त्याच दिवशी हवा असा आग्रह धरला तर घाईत काढलेली चौकट पदरी पडते.

पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, त्याच औषधाने, त्याच वेगाने करायचा. म्हणून रिपोर्टच्या तळाशी औषधाचं नाव, मिली, वेग, सुईचा नंबर, कुठला हात, वजन आणि वापरलेला हिमॅटोक्रिट एवढं छापतो. दुसरीकडे जायची वेळ आली तर नातेवाइकांनी फिल्म नाही, पूर्ण सीडी मागून घ्यावी, आणि 'डायनॅमिकच्या सगळ्या फ्रेम टाकल्यात ना' हे काउंटरवरच विचारावं. बऱ्याच ठिकाणी जागा वाचवायला सीडीवर फक्त रंगीत नकाशे टाकतात. त्यावरून पुन्हा काहीही मोजता येत नाही, आणि मूळ फ्रेम सेंटरच्या सर्व्हरवरून काही महिन्यांनी पुसल्या जातात.